घरी कोण नेणार

फॉर्मवरचा एकच रकाना त्याने दोनदा खोडला होता:
'उपचारानंतर घरी कोण नेणार?'
शेवटी माझं नाव लिहिलं. नात्यापुढे नुसती रेघ.
घटस्फोटाला अकरा वर्षं झाली, आर्विड,
रेघ बरोबरच आहे.

डुलुथचा फेब्रुवारी. सरोवर काठाकाठाने गोठलेलं,
खनिजाची जहाजं धक्क्याला बांधलेली,
तीही कुठे जात नाहीत.
तो सकाळपासून उपाशी
आणि चिडलेला, म्हणजे तसा बरा.

नर्स बर्नडीन डिफो दंडाला पट्टा गुंडाळते,
आकडा बघते, थांबते, पुन्हा मोजते.
"रक्तदाब चढलेला असला तर आज नाही.
परत पाठवलं म्हणून मनाला लावून घ्यायचं नाही."
मग, चहात साखर किती विचारावं तसं:
"या आठवड्यात जीव द्यावासा वाटला?"
आर्विड भिंतीकडे बघतो.
मी त्याच्या बुटांकडे.
"मंगळवारी," तो म्हणतो.

सतरा वर्षांच्या संसारात
त्याने मला एकाही वाराचं नाव सांगितलं नव्हतं.

ती दचकत नाही. खुर्ची जवळ ओढते,
मंगळवारचं सगळं विचारते, कपाटातल्या बंदुकीचंही.
"भावाकडे दिली."
"कधी?"
"बुधवारी."
डॉक्टर सँडविक येऊन तेच पुन्हा विचारतात, सावकाश,
मग मान डोलावतात. मग सुई.

चाळीस मिनिटं.
डोळ्यांवर काळी पट्टी, अंगावर राखाडी ब्लँकेट.
मला कोपऱ्यात बसू देतात, बोलायचं नाही या अटीवर.
(ही अट तेव्हाही पाळायला हवी होती.)
आत काय होतं ते त्यानेच मागे सांगितलं होतं:
आपलेच हात परगावी राहायला गेल्यासारखे वाटतात,
छत खाली येतं की आपण वर जातो
हे ठरवत बसू नये.
भीती वाटली तर बोट हलवायचं,
कुणीतरी ते धरतं.
मळमळलं तर निळी बादली.
दुसऱ्या खेपेला बादली चुकली, माझे बूट सापडले.

जादू नाही, असं सँडविक पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
काहींना उतार पडतो, काहींना नाही,
काहींना पडतो आणि आठवड्यात ओसरतो.
बर्फात रुतलेलं चाक याने हललं तर हलतं;
खाली वाळू टाकणं चालू ठेवावं लागतं:
रोजच्या गोळ्या, गुरुवारचं बोलणं, वेळेवर झोप.
लघवीला आग झाली तर सांगायचं, लाजायचं नाही.
पोस्टाने घरपोच पाठवणारेही आहेत, स्वस्तात;
"पण तिथे पट्टा कोण बांधणार?" बर्नडीन म्हणते.

विम्याने हात वर केले.
त्याने बोट विकली. मोटर ठेवली.
मी का विचारलं नाही.

निघताना एक कागद हातात देतात:
उद्यापर्यंत गाडी चालवू नये,
दारू नको, एकटं राहू नये,
आज कुठल्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नये.
हे शेवटचं मी दोनदा वाचलं.
अकरा वर्षांपूर्वी कुणी असा कागद दिला असता तर,
पण तेव्हा आम्ही दोघं पूर्ण शुद्धीवर होतो.

उचलपुलाशी गाडी थांबली.
तो खिडकीला डोकं टेकून म्हणाला,
"अजून ओल्या कुत्र्याचा वास येतो."
कुत्रा जाऊन चार वर्षं झाली.
मला तो वास येत नाही.

त्याच्या फ्रिजमध्ये मोहरीची बाटली आणि चार अंडी.
तो झोपला. मी रकान्यात लिहिलेली, म्हणून बसून राहिले,
औषधांची डबी वारांप्रमाणे लावली,
मंगळवारच्या खणावर बोट जरा रेंगाळलं.

संध्याकाळी उठून त्याने अंडी खाल्ली.
"मीठ कमी आहे," म्हणाला.
नोव्हेंबरपासून त्याला कशाचीच चव नव्हती.

मी मिठाची बरणी पुढे सरकवली,
बोलले काहीच नाही.
हे टिकतं का, ते शुक्रवारी कळेल.
शुक्रवारी पुन्हा तोच फॉर्म, तोच रकाना.
पेन माझ्याकडेच राहिलंय, चुकून.